मेंदी, अंजीर, कण्हेर : बर्बर विवाहविधींतील वनस्पती आणि त्यांचे वाचक

१

विवाहविधी हे समाजाचे एक प्रकारचे पुस्तकच असते, असे लोकसाहित्याचे अभ्यासक नेहमी म्हणत आले आहेत. हे विधान मान्य केले की त्यापाठोपाठ काही प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतात, आणि त्यांच्याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. पुस्तक असेल तर त्याचे वाचक कोण? त्यांनी ते कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या हेतूने वाचले? आणि ज्यांच्या हातून ते पिढ्यान्‌पिढ्या लिहिले जात होते, त्यांना स्वतःला त्यातून काय अभिप्रेत होते? उत्तर आफ्रिकेतील बर्बर समाजाच्या विवाहविधींत वनस्पतींना जे स्थान आहे, त्याचा परामर्श प्रस्तुत निबंधात या प्रश्नांच्या अनुरोधाने घ्यावयाचा आहे.

प्रारंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. 'बर्बर' हे नाव या लोकांनी स्वतःला दिलेले नाही. ज्यांची भाषा आपल्याला कळत नाही अशांना ग्रीक व रोमन लोक जो शब्द लावीत, त्यातून ते आले आहे, आणि संस्कृतातील 'बर्बर' या शब्दाशी त्याचे साम्य उघड आहे. हे लोक स्वतःला 'इमाझिगेन' (एकवचनी 'अमाझिग') म्हणवितात. मोरोक्कोतील रीफ, मध्य व उच्च अ‍ॅटलास आणि सूस खोरे, अल्जीरियातील काबिलिया, ओरेस व म्झाब, ट्युनिशियातील जर्बा बेट, लिबियातील नफूसा डोंगर, इजिप्तमधील सिवा मरूद्यान आणि सहारातील तुआरेगांचा विस्तीर्ण प्रदेश एवढ्या भूभागावर त्यांच्या बोली विखुरलेल्या आहेत. या भाषेला मोरोक्कोत २०११ साली आणि अल्जीरियात २०१६ साली राज्यघटनेने अधिकृत भाषेचे स्थान दिले. तेव्हा सर्वत्र एकसारखा असा कोणताही 'बर्बर विवाह' नाही. डोंगरातील शेतकऱ्याचा विवाह, मरूद्यानातील बागाईतदाराचा विवाह आणि तंबूत राहणाऱ्या पशुपालकाचा विवाह हे परस्परांहून भिन्न आहेत. जे साम्य दिसते ते वनस्पतींच्या निवडीत आणि त्या वापरण्याच्या रीतीत आहे, आणि तेच येथे विचारात घ्यावयाचे आहे.

२

या वनस्पतींत मेंदीचे स्थान पहिले. ट्युनिशियातील गाबेस परिसर आणि मोरोक्कोतील द्रा नदीचे खोरे ही तिच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहेत. वाळवून दळलेली पाने कोमट पाण्यात कालवून तयार केलेला लगदा विवाहापूर्वी वधूच्या हातापायांना लावला जातो, आणि त्या रात्रीला मेंदीचेच नाव असते. आपल्या समजुतीपेक्षा एक गोष्ट येथे वेगळी आहे. अनेक जमातींत वरालाही मेंदी लागते, आणि त्याचा विधी वधूच्या विधीइतक्याच गांभीर्याने केला जातो. मेंदीचा वाडगा, त्यात ठेवलेले अंडे, सभोवती पेटविलेल्या मेणबत्त्या आणि तो वाडगा डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या स्त्रिया अशी वर्णने गेल्या शतकाच्या आरंभी नोंदविली गेली आहेत. मेंदीत 'बरका' म्हणजे कल्याणकारी शक्ती असते, ती दृष्ट आणि जिन यांपासून रक्षण करते, ही श्रद्धा त्यामागे आहे. विवाहाच्या दिवसांत वधूवरांच्या ठायी स्वतःचीही बरका असते, परंतु त्याच दिवसांत ती दोघे सर्वाधिक असुरक्षित असतात. शुभत्व आणि धोका एकाच देहात एकाच वेळी वसतात. मेंदीचा लेप हा या दोहोंमधला पडदा होय.

वराला या काळात 'सुलतान' म्हटले जाते आणि त्याच्या मित्रांना 'वजीर'. काही दिवसांपुरते हे राज्य असते, पण त्याचे नियम पाळले जातात. या सुलतानपदाचा एक वनस्पतिजन्य प्रतिध्वनी मोरोक्कोत सापडतो. ओढ्यांच्या काठी उगवणाऱ्या कण्हेरीच्या ज्या डहाळीवर पानांच्या चार जोड्यांचा झुबका असतो, तिला 'कण्हेरीचा सुलतान' म्हणत. ती उन्हाळ्याच्या मध्याला, ऐन दक्षिणायनाच्या आधी तोडावी आणि घरी आणताना तिचा जमिनीला स्पर्श होऊ देऊ नये, नाही तर तिचे सामर्थ्य नष्ट होते, अशी समजूत होती. नव्या घरात प्रवेश करणाऱ्या वधूलाही अनेक जमातींत उंबरठ्यावरून उचलून आत नेले जाते. दोन्ही निषेध एकाच ठिकाणाहून आले असे सिद्ध करण्याचा माझा हेतू नाही. मात्र डहाळीसंबंधी आणि वधूसंबंधी एकाच प्रकारचा विचार करणारे मन त्यांतून दिसते, एवढे नमूद करावयास हरकत नाही.

वधू नव्या दारी येते तेव्हा तिचे स्वागत दूध आणि खजूर देऊन होते. तिच्यावर गहू, मनुका, सुके अंजीर, खजूर, बदाम, अक्रोड उधळले जातात, किंवा चाळणीतून तिच्यापुढे धरले जातात आणि ती स्वतः ते जमावावर उधळते. मुले ते वेचण्यासाठी झुंबड करतात. या एका कृतीची स्पष्टीकरणे ठिकठिकाणी निरनिराळी मिळाली आहेत. कोठे सांगितले गेले की सर्व काही गोड व्हावे म्हणून, कोठे घरात सुबत्ता यावी म्हणून, तर कोठे लोकांची नजर वधूवरून हटून फळांकडे वळावी आणि तिला दृष्ट लागू नये म्हणून. हे शेवटचे स्पष्टीकरण मला विशेष मार्मिक वाटते. त्यात अंजिराला कोणताही गूढ अर्थ नाही. ते केवळ लोकांचे डोळे दुसरीकडे खेचून घेते, आणि तेवढ्यानेच एका घाबरलेल्या मुलीला क्षणभर आडोसा मिळतो.

वधूच्या शृंगारातील वनस्पतींची यादीही लक्षणीय आहे. अक्रोडाच्या झाडाची साल चघळून दात स्वच्छ आणि ओठ व हिरड्या तांबूस केल्या जातात. मायफळ, काजळी आदी द्रव्यांपासून बनविलेल्या 'हरकूस' नावाच्या काळ्या रंगाने चेहऱ्यावर नक्षी काढली जाते. दक्षिण मोरोक्कोत उच्च अ‍ॅटलास आणि अँटी-अ‍ॅटलास यांच्या दरम्यानचे तालिविन हे गाव केशरासाठी प्रसिद्ध असून, त्या बाजूला केशराचा पिवळा रंग स्त्रियांच्या शृंगारात येतो. भिजविलेल्या लवंगा ओवून केलेल्या माळा मोरोक्कोच्या दक्षिणेपासून काबिलियापर्यंत वधूच्या गळ्यात दिसतात. हरमलाचे बी निखाऱ्यावर टाकून धुरी दिली जाते. सूस भागात अर्गान वृक्षाच्या बियांचे तेल हे विवाहातील आहेर म्हणून दिले जाते. अर्गानविषयीचे ज्ञान आणि प्रथा यांची नोंद युनेस्कोने २०१४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली, तेव्हा या आहेराचाही त्यात उल्लेख झाला.

या यादीतील लवंगेकडे अभ्यासकांनी थोडे थांबून पाहावे. लवंग उत्तर आफ्रिकेत पिकत नाही. तिचे मूळ स्थान मोलुक्का बेटे हे होय, आणि एकोणिसाव्या शतकात झांझिबार व पेंबा ही तिची मोठी केंद्रे झाली. डोंगरातल्या ज्या मुलीने समुद्रही पाहिलेला नसे, तिच्या गळ्यात हिंदी महासागर ओलांडून आलेला मसाला असे. 'परंपरागत' या शब्दाने आपण सहसा स्थानिक आणि अचल असे काही समजतो. या माळेने ती समजूत खोटी ठरते.

३

वनस्पतींचे हे उपयोग सुटे सुटे पाहिले तर तो समजुतींचा एक संग्रह वाटतो. त्यांच्यामागील रचना दिसावयाची असेल तर विवाहाकडून शेताकडे वळले पाहिजे. काबिलियात विवाहाचा परंपरागत हंगाम शरद ऋतूचा. पीक घरात आलेले असते, अंजीर वाळून साठविलेले असतात, आणि पहिल्या पावसानंतर नांगरणी सुरू व्हावयाची असते. नांगरणी आणि विवाह या दोन आरंभांचे विधी एकमेकांचे प्रतिबिंब असावेत इतके जुळतात. पहिल्या नांगरणीच्या दिवशी सुकी फळे वाटली जातात, आणि काही ठिकाणी नांगराच्या फाळावर डाळिंब फोडले जाते. दाण्यांनी ठासून भरलेले हे फळ विवाहातही संततीचे चिन्ह आहे. उकडल्यावर फुगणारे गहू, बाकला आणि हरभरे नांगरणीला, जन्माला आणि विवाहाला शिजविले जातात. दाणा पाण्यात फुगतो तसे शेत फुगावे, तसे उदर फुगावे. येथे प्रतीक आणि पदार्थ वेगळे करता येत नाहीत. जे खाल्ले जाते तेच इच्छिले जाते.

काबिल घराची बांधणीही याच भाषेत बोलते. घराची मुख्य तुळई 'असालस' ही पुरुषरूप मानली जाते, आणि तिला तोलणारे, दुबेळके असलेल्या खोडाचे मधले खांब 'थिगेजदिथ' स्त्रीरूप. तुळई खांबावर बसते तो क्षण घर बांधणाऱ्यांच्या दृष्टीने उत्सवाचा असतो. याचा अर्थ असा, की वधू ज्या घरात प्रवेश करते त्या घराच्या लाकडांनी तिच्या आधीच विवाह केलेला असतो.

विवाहाची ही भाषा आकाशापर्यंत पोहोचते. वर 'इस्ली' आणि वधू 'तिस्लित'. काबिल भाषेत इंद्रधनुष्याला 'पावसाची वधू' अशा अर्थाचे नाव आहे. अवर्षण पडले की स्त्रिया आणि मुले लाकडी पळी घेत, तिला वधूसारखी वस्त्रे नेसवीत आणि गावातून मिरवीत. 'तागोंजा' या नावाने हा विधी विस्तृत प्रदेशात आढळला आहे. पळीसारखी रोजच्या स्वयंपाकातील वस्तू वधू होते, कारण तिचे काम पाणी घेणे आणि ओतणे हे आहे. मोरोक्कोच्या उच्च अ‍ॅटलासमध्ये इमिल्शिलजवळ इस्ली आणि तिस्लित या नावांची दोन सरोवरे आहेत. विवाहाला विरोध झालेल्या दोन प्रेमिकांच्या अश्रूंतून ती झाली, अशी कथा सांगितली जाते. तेथे आइत हदिद्दू जमातीची विवाहांशी निगडित यात्रा दर सप्टेंबरमध्ये भरते. ज्या प्रदेशात पाणी दुर्मीळ आहे तेथे पाण्याचे नाव वधूवरांवरून पडावे, हे अनपेक्षित नव्हे.

४

विवाह आणि वनस्पती यांच्या संबंधाचा उत्तर आफ्रिकेतील एक जुना लिखित पुरावा साहित्याच्या अभ्यासकांना परिचित असलेल्या ग्रंथात आहे, आणि तो येथे आठवणे उचित होईल. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील लॅटिन लेखक अपुलेयस हा मदौरा गावचा, म्हणजे आजच्या अल्जीरियातला. त्याने स्वतःला अर्धा नुमिदियन आणि अर्धा गेतुलियन म्हटले आहे. ओईया (आजचे त्रिपोली) येथील पुदेंतिला या श्रीमंत विधवेशी त्याने विवाह केला, तेव्हा तिच्या आप्तांनी त्याच्यावर जादूटोण्याने तिला वश केल्याचा आरोप ठेवला. इसवी सन १५८-१५९ च्या सुमारास साब्राथा येथे प्रांताधिपतीपुढे त्याने केलेले बचावाचे भाषण 'अपोलोगिया' या नावाने उपलब्ध आहे.

विवाह नगरात न करता शेतावरील घरी का केला, असाही एक आक्षेप होता. खरे कारण त्याने लपविले नाही. पुदेंतिलाच्या मुलाच्या लग्नाच्या वेळी नगरवासीयांना वाटण्यात पन्नास हजार सेस्टर्स खर्च झाले होते, आणि तो खर्च पुन्हा नको होता. परंतु त्याला जोडून त्याने एक वेगळाच युक्तिवाद केला. संततीसाठी विवाह करावयाचा तर तो चौकाच्या फरशीपेक्षा सुपीक मातीवर, उभ्या पिकात, वृक्षाच्या छायेत, वेलींच्या आणि कोवळ्या अंकुरांच्या सान्निध्यात होणे अधिक शुभ, अशा आशयाचे त्याचे म्हणणे आहे.

हा उतारा बर्बर लोकविधीचा पुरावा म्हणून पुढे करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. एल्म वृक्ष आणि द्राक्षवेल यांच्या विवाहाची कल्पना ही रोमन साहित्यातील रूढ कल्पना होती, आणि अपुलेयस वक्तृत्वात मुरलेला होता. त्याच्या बोलण्यात आफ्रिकेतील ग्रामीण श्रद्धेचा अंश किती आणि लॅटिन शाळेचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. मात्र या खटल्यातून एक गोष्ट निश्चितपणे शिकावयास मिळते. विवाहासंबंधीच्या कृतीला 'जादू' म्हणावयाचे की 'शुभ' म्हणावयाचे, हे ती कृती ठरवीत नाही. ते कोण कोणाविषयी आणि कोणत्या अधिकाराने बोलतो यावर ठरते. हा प्रश्न अठरा शतकांनंतर पुन्हा उद्भवला, आणि या वेळी न्यायासनावर वसाहतवादी विद्या होती.

५

बर्बर विवाहविधींचे आधुनिक काळातील पहिले मोठे वाचक युरोपीय होते. फ्रान्सने १८३० साली अल्जीरियावर आक्रमण केले, १८५७ साली काबिलिया जिंकला, आणि १९१२ साली मोरोक्को आपल्या संरक्षणाखाली घेतला. एदमाँ दूते यांचा उत्तर आफ्रिकेतील जादू आणि धर्म या विषयावरील ग्रंथ १९०९ चा. एमिल लाऊस्त यांनी बर्बर शब्द आणि वस्तू यांचा संयुक्त अभ्यास १९२० साली प्रसिद्ध केला. शब्दापासून वस्तूकडे आणि वस्तूपासून विधीकडे जाण्याची त्यांची पद्धती आजही अनुकरणीय आहे. फिनलंडचे एडवर्ड वेस्टरमार्क १८९८ साली प्रथम मोरोक्कोत गेले आणि पुढे वर्षानुवर्षे तेथे जात राहिले. मोरोक्कोतील विवाहविधींवरील त्यांचे पुस्तक १९१४ साली आणि विधी व श्रद्धा यांवरील द्विखंडात्मक ग्रंथ १९२६ साली निघाला. एकाच कृतीची वेगवेगळ्या जमातींनी दिलेली वेगवेगळी कारणे जशीच्या तशी टिपण्याची त्यांची शिस्त हा त्यांच्या लेखनाचा मोठा गुण होय. अंजिरांच्या उधळणीची वर दिलेली पर्यायी स्पष्टीकरणे त्यांच्यामुळेच आपल्यापर्यंत पोहोचली.

तरीही या सर्व लेखनावर एका कल्पनेची छाया आहे. ती म्हणजे 'अवशेष' ही कल्पना. या विधींत प्राचीन, इस्लामपूर्व, मूर्तिपूजक धर्माचे तुकडे टिकून आहेत असे गृहीत धरले गेले. वेस्टरमार्क यांच्या १९३३ च्या पुस्तकाच्या नावातच मुसलमानी संस्कृतीतील मूर्तिपूजक अवशेषांचा निर्देश आहे. ही कल्पना निरुपद्रवी नव्हती. बर्बर हे वरवर मुसलमान आणि अंतर्यामी काही वेगळेच आहेत, हे मत वसाहतीच्या राजकारणाला सोयीचे होते. १९३० साली मोरोक्कोत बर्बर जमातींना इस्लामी न्यायव्यवस्थेपासून अलग करणारा जो फर्मान निघाला आणि ज्याविरुद्ध देशभर असंतोष उसळला, त्यामागील विचाराला या मताचा आधार होता. डाळिंब फोडणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊकही नसेल, की त्याच्या डाळिंबाचा उपयोग त्याच्या शेजाऱ्यापासून त्याला तोडण्यासाठी होत आहे.

वस्तुतः मेंदी लावणारी स्त्री परमेश्वराचे नाव घेऊनच आरंभ करते, आणि मेंदी प्रेषितांना प्रिय होती अशी तिची श्रद्धा असते. तिच्या दृष्टीने येथे दोन धर्मांचे थर नाहीत. एकच आयुष्य आहे. थर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहेत.

पिएर बूर्द्यू यांचे वाचन यापेक्षा पुष्कळ पुढचे आहे. काबिल विधींतील साम्ये ही मृत धर्माचे अवशेष नसून जगण्यातून घडलेला व्यवहारी तर्क आहे, हे त्यांनी १९७२ आणि १९८० च्या ग्रंथांतून दाखविले. नांगरणी आणि विवाह यांचे नाते, फुगणारे धान्य, तुळई आणि खांब यांचे विवेचन मुख्यतः त्यांचे आहे. पण त्यांनी हे ज्ञान कोणत्या वेळी मिळविले? अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. फ्रेंच सैन्याने वीस लाखांहून अधिक ग्रामीण लोकांना त्यांच्या गावांतून उठवून छावण्यांत नेऊन बसविले होते. बूर्द्यू आणि त्यांचे काबिल सहकारी अब्देलमालेक सायद यांनी या उन्मूलनावर १९६४ साली स्वतंत्र पुस्तकच लिहिले. ज्या घराचे सुसंगत, सर्वांगपूर्ण चित्र आपण वाचतो, ते घर अनेकांच्या बाबतीत त्या वेळी रिकामे पडले होते, आणि अंजिराची झाडे मालकांना दिसत नव्हती. विधींची रचना स्पष्ट दिसली ती बहुधा तिच्या तुटण्याच्या वेळी.

६

या सर्व वाचकांत एक समान उणीव आहे. ते पुरुष होते, आणि ज्या खोलीत वधूला मेंदी लागते त्या खोलीत पुरुषाला, विशेषतः परक्या पुरुषाला, प्रवेश नसतो. वनस्पतींचे ज्ञान ज्यांच्या हाती होते त्या स्त्रियांचे शब्द बहुधा भाऊ, नवरे आणि दुभाषे यांच्या मार्फत वहीत उतरले. कोणते पान किती वेळ भिजवावे, वधू रडत असेल तेव्हा लगदा कसा सावरावा, कोणते गाणे कोणत्या क्षणी म्हणावे, हे ज्ञान सूचनांच्या रूपात नसते. ते हाताच्या सवयीत आणि गळ्यात असते.

म्हणूनच या विषयाच्या अभ्यासकाने मानवशास्त्राच्या बरोबरीने साहित्याकडे वळले पाहिजे. फाध्मा आइत मन्सूर अमरूश (१८८२-१९६७) या काबिल स्त्रीचे आत्मचरित्र तिच्या मृत्यूनंतर १९६८ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले. विवाहबाह्य संबंधातून जन्म झाल्यामुळे तिला गावाचा रोष सोसावा लागला, आणि ख्रिस्ती झाल्याने ती आणखी एकाकी झाली. परंतु आईकडून आलेली गाणी तिने जन्मभर सांभाळली. तिचा मुलगा जाँ अमरूश याने १९३९ साली काबिलियातील बर्बर गीतांचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध केला, तर मुलगी ताओस अमरूश हिने ती गाणी मूळ भाषेत रंगमंचावर गायिली आणि १९६६ साली कथा, कविता व म्हणी यांचा संग्रह काढला. त्या संग्रहाच्या नावात 'जादूचे बी' आहे. एका स्त्रीच्या मुखातून आलेले बी दोन अपत्यांनी दोन रीतींनी पेरले, असे म्हणता येईल. विधीचा अर्थ विचारून जे मिळत नाही ते गाण्यांत अनेकदा मिळते. घर सोडून जाणाऱ्या मुलीचे भय आणि तिला निरोप देणारीचे दुःख हा मेंदीच्या लगद्याइतकाच त्या रात्रीचा भाग आहे, आणि 'बरका' या एका शब्दात तो मावत नाही.

आज या वनस्पतींचे काय झाले आहे? चित्र एकरंगी नाही. मोरोक्कोतील मरूद्यानांत 'बायूद' या बुरशीजन्य रोगाने विसाव्या शतकात लक्षावधी खजुरीची झाडे मारली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबिलियातील वणव्यांत अनेक माणसे मृत्युमुखी पडली, आणि ऑलिव्ह व अंजिराच्या बागा जळून गेल्या. ८ सप्टेंबर २०२३ रोजी उच्च अ‍ॅटलासमध्ये झालेल्या भूकंपात २,९०० हून अधिक लोक दगावले, आणि दगडमातीची गावेच्या गावे कोसळली. बाजारात 'काळी मेंदी' या नावाने कृत्रिम रसायन मिसळलेला लेप मिळतो, आणि त्याने त्वचेला इजा झाल्याच्या तक्रारी अनेक देशांत आहेत. दुसरीकडे, २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने मेंदीच्या विधींची नोंद सोळा अरब देशांच्या संयुक्त प्रस्तावावरून अमूर्त वारशात केली. त्या सोळांत मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशिया आहेत. बर्बर स्त्रियांची मेंदी या नोंदीत अरब देशांचा वारसा म्हणून आली आहे. एकेकाळी तिला मूर्तिपूजक अवशेष म्हटले गेले. आता तिच्यावर राष्ट्रांची नावे आहेत. दोन्ही वेळा जिच्या हातावर ती लागते तिचे नाव मात्र कोठे दिसत नाही.

७

मराठी वाचकाला हा विषय वाचताना हळद, अक्षता, मुहूर्तमेढ आणि देवकाची पालवी आठवणे स्वाभाविक आहे. पण साम्य म्हणजे नाते नव्हे, हे लोकसाहित्याच्या अभ्यासाचे पहिले पथ्य होय. दोन कृषिप्रधान समाजांनी विवाहाला धान्य आणि पाने जवळ केली, यावरून त्यांच्यात देवघेव झाली असे सिद्ध होत नाही. ती प्रत्यक्ष घडल्याचा पुरावा हवा. असा एक पुरावा मात्र आहे, आणि तो अनपेक्षित ठिकाणी आहे.

अ‍ॅटलासमधील बर्बर गावांत शतकानुशतके ज्यूही राहत होते. तेही मेंदीची रात्र साजरी करीत. १९५० आणि १९६० च्या दशकांत मोरोक्कोतील बहुसंख्य ज्यू इस्राएलमध्ये गेले आणि मेंदीची रात्र बरोबर घेऊन गेले. त्याच दशकांत कोकणातील बेने इस्राएल समाजाची मराठी बोलणारी कुटुंबेही तेथे स्थलांतरित झाली. त्यांच्याकडेही विवाहाआधी मेंदी असते, आणि पोहे, खोबरे व फळे यांचा मलिदा असतो. नेगेव वाळवंटातील दिमोना हे गाव १९५५ साली वसले. तेथे उत्तर आफ्रिकेतून आलेले ज्यू आणि बेने इस्राएल शेजारी शेजारी राहू लागले. बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत तेथील धर्मपीठाने १९६० च्या दशकाच्या आरंभी शंका उपस्थित केल्या आणि त्यांच्या वंशावळींची चौकशी करण्याचे निर्देश दिले. त्याविरुद्ध या समाजाने मोठे आंदोलन केले, आणि १९६४ साली इस्राएलच्या संसदेने ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचा ठराव केला. ज्यांच्या विवाहाच्या अधिकाराविषयीच प्रश्न विचारला गेला, त्यांच्या घरांत मेंदी लागतच होती.

या दोन मेंदींना समान मूळ शोधण्याची गरज नाही. एकीचा प्रवास अ‍ॅटलासच्या गावांतून झाला, दुसरीचा अलिबाग-रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून. वेगवेगळ्या वाटांनी येऊन त्या एका वाळवंटी गावात शेजारी झाल्या. अवशेषांचा शोध घेणारा अभ्यासक या शेजाराकडे दुर्लक्ष करील, कारण त्यात प्राचीन असे काही नाही. परंतु विधी कसा जगतो हे समजून घ्यावयाचे असेल तर हाच शेजार महत्त्वाचा आहे. वनस्पती स्वतःहून स्थलांतर करीत नाहीत. त्यांना कोणीतरी गाठोड्यात बांधून नेते, परक्या जागी भिजत घालते आणि दुसऱ्याच्या हातावर लावते. हे काम बहुतेक वेळा स्त्रिया करीत आल्या, आणि त्यांनी केलेल्या या कामाचा इतिहास अद्याप लिहावयाचा आहे.